पहिलं घमेलं

चन्नवीरच्या बंगल्यापुढचा जुना कोबा फोडायला सिद्धारामनं पहिला घण घातला आणि खालून पोकळ आवाज आला. तो थांबला. टाच आपटून बघितली. मग चार हात सरकून दुसरा घण घातला. तिथं आवाज भरीव होता.

"अण्णा, खाली काय हाय हितं?"

चन्नवीर पायरीवर दात घासत उभा होता. खताच्या दुकानाचा मालक. नवी मोठी गाडी घेतली होती आणि ती दिवसभर उन्हात तापायची, म्हणून बंगल्यापुढं गॅरेज बांधायचं होतं. कोबा काढायचा, चार खड्डे घ्यायचे, चार कॉलम उभे करायचे. तोंडातला फेस कुंडीत थुंकून तो म्हणाला, "काय न्हाय. माती बसली आसंल. काळी माती हाय की."

तीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला बसलेल्या मातीचा आवाज कळतो. हा तो नव्हता. पण सिद्धारामनं पुढचा घण घातला. मार्चपासून कुंभारी गावात पाण्यावाचून बांधकामं बंद पडली होती. चन्नवीरच्या बोअरला पाणी होतं म्हणून हे काम निघालं होतं. मिळालेलं काम पहिल्याच तासाला प्रश्न विचारून घालवायची त्याची तयारी नव्हती.

त्याच्या मागं सून श्रीदेवी घमेलं घेऊन उभी होती. डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ, साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट. नवरा, म्हणजे सिद्धारामचा मुलगा सोमेश, ट्रकवर असायचा. महिन्यातले चार दिवस घरी. श्रीदेवी उभी होती त्या जागी आधी सुंदरम्मा असायची, सिद्धारामची बायको. लग्न झाल्यापासून तीच त्याची बिगारी. दिवाळीनंतर ती गेली. संक्रांत झाल्यावर एका सकाळी श्रीदेवी काही न सांगता सासूचं घमेलं उचलून सासऱ्याच्या मागं निघाली. दोघांत बोलणं फार नव्हतं. सासऱ्यानं सुनेशी बोलायचं ते भाकरीचं, चहाचं. बाकीचं जे काय असेल ते सुंदरम्माकडून जायचं आणि सुंदरम्माकडूनच यायचं.

दहाच्या सुमाराला नबीसाब शुक्रवार पेठेतून ब्रेकर मशीन टेम्पोत घालून आला. दोघांची जुनी ओळख. त्यानं कोब्यावर पाय घासून बघितला.

"किसने डाला रे ये? दुश्मनीनं घातल्यासारखा घातलाय."

"आमचा न्हाय," सिद्धाराम म्हणाला. "आमचा आसता तर तुझं मशीन मोडलं आसतं."

"भाभी आसती तर मशीन कशाला लागलं आसतं? नुसतं बघितलं तरी फुटला आसता."

सिद्धाराम हसला नाही. नबीसाबनं मशीन चालू केलं. धूळ दातांत, नाकात, डोळ्यांच्या कडांत बसू लागली. कोब्याचे तुकडे सुटे होतील तसे श्रीदेवी घमेल्यात भरून कंपाउंडच्या भिंतीशी नेऊन टाकत होती. तुकड्यांच्या कडा धारदार होत्या. दुपारपर्यंत तिच्या मनगटांवर ओरखडेच ओरखडे झाले.

जेवायला मशीन बंद झालं. नबीसाब टेम्पोच्या आडोशाला जाऊन आला. मग सिद्धाराम जाऊन आला. दोघांनी बादलीत हात बुडवले आणि भाकरीचं फडकं सोडलं. यात काही बघण्यासारखं आहे असं तेव्हा सिद्धारामच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खड्डे घ्यायला सुरुवात झाली. काळ्या मातीत पाया ठेवला तर पावसाळ्यात ती फुगते आणि कॉलम उचलते, म्हणून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत जायचं असतं. दोन खड्डे नीट झाले. तिसऱ्यात पहार घातली ती हातातून सुटून निम्मी आत गेली आणि खालून वास आला.

सिद्धारामनं नाकाला उपरणं लावलं. वरच्या दोन दगडी फरश्या बाजूला केल्या तसा झुरळांचा थर उन्हात वर आला, विटांवरून पसरला आणि श्रीदेवीच्या पायांवरून गेला. खाली काळं दाट पाणी, त्यावर पांढुरकी साय. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, कसल्या कसल्या घड्या. विटांच्या भिंतीतून एका पाइपचं तोंड बाहेर आलेलं होतं आणि त्यातून थेंब थेंब गळत होतं.

चन्नवीर आला, लांबूनच वाकला आणि मागं सरला.

"आयला, जुना शोषखड्डा. संडासचं पाणी मुरवायला केला होता. इसरलोच बघ."

विसरला नव्हता. त्याच्या तोंडाकडं बघितलं की कळत होतं.

"हे उपसायला पाइपवाली गाडी येतीया अण्णा. ती बोलवा," सिद्धाराम म्हणाला.

"गाडी आठ दिवस मिळत न्हाय. आन मंगळवारी पायाभरणीचा मुहूर्त हाय. स्वामींनी काढून दिलाय, पावण्यांना फोन झाल्यात. आज उघडा ठेवा, वास जाऊ दे. उद्या बादलीनं काढून मागच्या नाल्यात टाका. जास्तीचं बघू की."

"हे आमचं काम न्हाय अण्णा."

"खड्ड्याचंच काम हाय न्हवं तुझं? मग खड्डाच की हा."

चन्नवीर स्वतःच्याच बोलण्याला हसला. सिद्धारामनं श्रीदेवीकडं बघितलं. ती पायावरचं झुरळ झटकत होती, मान खाली. त्यानं मनात म्हटलं, पहार टाकावी आणि घरी जावं. घरी जाऊन काय करावं, ते त्याला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी तो खड्ड्यात उतरला. आत हवा हाय का बघायला आधी जळता कागद टाकला, मग स्वतः. सुनेला त्यानं आत येऊ दिलं नाही. ती वर उभी राहून दोरीनं बादली ओढत होती. गाळ गुडघ्यापर्यंत आला. वर ऊन, खाली गारढोण. पाय उचलला की चिखल सुटताना आवाज व्हायचा आणि त्याबरोबर नवा वास यायचा. बादली वर जाताना हिंदकळली की थेंब त्याच्या डोक्यावर, मानेवर पडायचे. सुरुवातीला तो पुसायचा. मग पुसायचं सोडून दिलं, कारण पुसायचा हातही तसलाच होता.

चन्नवीरची बायको काव्या खिडकीत नाकाला पदर लावून उभी होती. "बादली तुळशीपासून लांबनं न्या," ती म्हणाली. "आणि नळाला हात लावू नका, मी पाइप टाकते."

अकराच्या सुमाराला पाइपच्या तोंडातून गुळण्या आल्यासारखा आवाज झाला आणि सगळं सिद्धारामच्या मांड्यांवर आलं. गरम होतं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला.

"सांगितलं हुतं की, संडासला कोण जाऊ नका म्हणून," तो वर बघून म्हणाला.

"आई गेल्या असतील," काव्या खिडकीतून म्हणाली. "वय झालंय त्यांचं. त्यांना थांबवत नाही."

श्रीदेवीच्या हातातली दोरी तशीच राहिली. तिनं खिडकीकडं बघितलं, मग खाली सासऱ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याला ते बरं वाटलं. त्या अवस्थेत त्याला कुणी बघायला नको होतं.

दुपारी काव्यानं बागेचा पाइप लांबून फेकला. सिद्धारामनं अंग धुतलं, साबणाची वडी संपवली. हात नाकाशी नेला तरी वास तिथंच. भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. श्रीदेवी भिंतीच्या सावलीत बसली होती. एक हात कमरेच्या मागं, मुठीनं दाबून धरलेला.

ती मूठ सिद्धारामनं ओळखली. सुंदरम्मा अशीच बसायची.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मोठी, दोन लिटरची, फक्त तिच्यासाठी वेगळी भरलेली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. चव्वेचाळीस अंशाच्या उन्हात सहा तास बादल्या ओढून बाई नुसते ओठ ओले करून घरी आली होती. घरी आल्या आल्या पाठीमागच्या न्हाणीत गेली आणि बराच वेळ आली नाही.

सिद्धाराम उंबऱ्यावर बसला.

सुंदरम्माला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं पहिलं विचारलं होतं, पाणी किती पितात? सिद्धारामनंच उत्तर दिलं होतं आणि कौतुकानं दिलं होतं. "तिला कामावर पाणी लागतच न्हाय साहेब." हे तो प्रत्येक मालकाला सांगायचा. माझं माणूस दिवसभर पाण्याला उठत न्हाय. त्यावर कामं मिळायची. डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं होतं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात तिला नळी लावली होती आणि पिशवी कॉटला अडकवली होती. तेव्हा ती त्याला म्हणाली, "आता बरं हाय बघा. आडोसा शोधायला नको."

तीस वर्षांत त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं, तू जातीस कुटं? ती कुठं जाते हा प्रश्नच त्याला पडला नव्हता. स्वतः तो कुठंही उभा राहत होता. मघाशी खड्ड्यात उभं राहून आली नव्हती तेवढी किळस त्याला आता उंबऱ्यावर बसून आली. गाळाची नव्हे.

त्यानं सोमेशला फोन लावला.

"तुझ्या बायकोला सांग, कामावर पाणी पीत जा म्हणावं."

"तुमी शेजारीच हाय की तिच्या. सांगा."

"मी कसं सांगू?"

"मला हितं गुजरातेतनं सांगायला लावताय?" सोमेश हसला. "बरं, सांगतो."

रविवारी सिद्धारामनं कंपाउंडच्या बाजूच्या भिंतीशी नवा शोषखड्डा घेतला आणि संडासचा पाइप तिकडं वळवला. झाकण मंगळवारनंतर करायचं होतं, तोवर पाइपचं तोंड उघडंच राहिलं. तिसरा खड्डा मुरमापर्यंत खोल नेला. पाणी श्रीदेवीनं त्याही दिवशी प्यालं नाही. प्यायली असती तर गेली कुठं असती? रस्त्यापलीकडं पूर्वी तुरीची रानं होती. आता तिथं प्लॉट पडले होते, सपाट, तारेचं कुंपण घातलेले, आणि कोपऱ्यावरच्या खांबावर कॅमेरा.

बंगल्याच्या मागं, अंगणात, बाहेरचा एक संडास होता. त्याला कुलूप असायचं. किल्ली आत स्वयंपाकघरात.

सोमवारी लोखंडाच्या जाळ्या खड्ड्यांत बसवल्या. चन्नवीर खुर्ची टाकून बघत होता. श्रीदेवी तारेनं गाठी मारत होती, मध्येच थांबून डोळे मिटत होती. अंगात कणकण असावी.

"सून गुणाची मिळाली तुला," चन्नवीर म्हणाला. "तीन-चार दिवस बघतोय, पाणीसुदिक मागत न्हाय. सुंदरम्माबी अशीच हुती. माझ्या दुकानाच्या कामाला आली हुती तवा तूच सांगितलं हुतंस."

सिद्धारामनं पक्कड खाली ठेवली. तो उठला आणि चन्नवीरच्या खुर्चीजवळ गेला. आवाज बारीक केला.

"अण्णा, पोरीला मागचा संडास उघडून द्या की. दिवसातनं दोन बारी."

चन्नवीरनं इकडंतिकडं बघितलं. असली गोष्ट पुरुषानं पुरुषाला सांगायची म्हणजे त्यालाही अवघडलं. "काव्याला इचारतो," म्हणून तो आत गेला. दार उघडंच होतं. काव्याचं बोलणं बाहेर आलं.

"तो आईंसाठी आहे. आज हिला दिला की उद्या सेंट्रिंगवाले येतील, परवा रंगवाले. सगळ्या कामाच्या बाया करतात की काहीतरी. हिचंच काय एवढं?"

चन्नवीर बाहेर आला आणि गाडीवरची धूळ फडक्यानं पुसू लागला. "झालं की आता. उद्याचाच दिवस हाय," तो गाडीला म्हणाला.

सिद्धाराम परत जाळीशी जाऊन बसला. सहा बादल्या, दहा बादल्या, किती बादल्या ह्या घराचं काढून नाल्यात टाकलं, ते त्याच्या डोळ्यांपुढं आलं. यांचं सगळं आम्ही उपसायचं, आणि आमच्या एका बाईचं वाटीभर यांच्या घरात पडायला नको. श्रीदेवीनं सगळं ऐकलं होतं. तिचे कान लाल झाले होते. दुपारी ती म्हणाली, "मामा, तुमी कशाला इचारलं?" एवढंच.

मंगळवारी सकाळी पाहुणे आले. अक्कलकोटकडचे चन्नवीरचे मेव्हणे, शेजारचे दोन-चार जण, बायका. मुहूर्त काढून देणारे स्वामी आले. पहिल्या खड्ड्यात हळदकुंकू, विभूती, फुलं पडली, नारळ फुटला. तिकडं पत्र्यावर सिद्धाराम आणि श्रीदेवीनं माल कालवून तयार ठेवला होता. सिमेंट, कच, खडी, पाणी. पाणी पडलं की मालाचं घड्याळ सुरू होतं. उन्हात अर्धा-पाऊण तास, मग तो धरायला लागतो.

पायाभरणीला पहिलं घमेलं गवंड्याच्या हातचं पडतं. त्याआधी मालक त्याला टॉवेल-टोपी करतो. एरवी मालक गवंड्याला अरेतुरे करतो, त्या दिवशी तेवढ्यापुरता वाकतो. चन्नवीरनं ताटातला टॉवेल उचलला, टोपी उचलली आणि पाहुण्यांना दिसेल असा पुढं झाला. मेव्हण्यानं मोबाइल वर धरला.

"टोपी ऱ्हाऊ द्या अण्णा," सिद्धाराम म्हणाला.

"अरं, घे की. मान हाय तुझा."

"मान नगं. मागच्या संडासची किल्ली द्या. पोरीला जायचंय."

मेव्हण्यानं मोबाइल खाली केला. श्रीदेवी भरलेलं घमेलं कमरेशी धरून उभी होती. तिनं पदर नाकापर्यंत ओढला.

"मामा," ती हळू म्हणाली, "घाला की माल. समदी बघत्यात."

"बघू दे."

"काय हे, सिद्धाराम," चन्नवीर दातांत म्हणाला. "मुहूर्त चाललाय. चार माणसांत असलं काय काढतोस?"

"चार माणसांत न्हवतं काढलं. काल तुमच्या कानात सांगितलं हुतं." सिद्धारामनं थापी खाली ठेवली आणि हात पुसले. "तुमची घाण मी गुडघाभर गाळात उभं ऱ्हाऊन काढली. तुमच्या आईचं अंगावर घेतलं. बोललो न्हाय. माझी बायको तुमच्या दुकानाच्या पायाला हुती, सकाळपासनं दिवस मावळस्तवर, आन कुटं गेली न्हाय. ती मेली त्यानं. मीच मारली म्हणा, मला बी कळलं न्हाय. आता हिचं मला कळलंय. किल्ली आल्याबिगर माल पडत न्हाय."

स्वामींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चन्नवीर, सात मिनिटं आहेत," ते म्हणाले आणि दुसरीकडं बघू लागले. सिद्धारामनं वाकून मालात बोट घातलं. वरून कडा सुकायला लागल्या होत्या.

"माल धरतोय," तो म्हणाला.

पाहुण्यांतली एक म्हातारी काव्याला म्हणाली, "दे ग बाई. पायावर भांडण नको." काव्या आत गेली, किल्ली घेऊन आली आणि ती श्रीदेवीच्या हातात न देता पायरीवर ठेवली.

श्रीदेवी हलली नाही.

"जा," सिद्धाराम म्हणाला. सुनेला त्यानं आयुष्यात दिलेला हा पहिला हुकूम असेल.

तिनं घमेलं खाली ठेवलं, किल्ली उचलली आणि सगळ्यांच्या मधून मागं गेली. सगळे उभे राहिले. कुणीतरी खोकलं. चन्नवीर टॉवेल-टोपी हातात घेऊन उभा होता, ते कुठं ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. सिद्धाराम उभा होता तिथून नवा शोषखड्डा आणि पाइपचं तोंड दिसत होतं. थोड्या वेळानं पाइपातून पाणी आलं आणि थांबलं.

श्रीदेवी बाहेर आली, किल्ली परत पायरीवर ठेवून घमेलं उचलून उभी राहिली. तशी काव्या फिनेलची बाटली आणि बादली घेऊन मागं गेली. आवाज सगळ्यांना आला. बादली, खराटा, पुन्हा बादली. पाइपच्या तोंडातून दुधासारखं पांढरं पाणी येऊ लागलं, ते येतच राहिलं, आणि फिनेलचा वास हळदकुंकवाच्या खड्ड्यापर्यंत आला. श्रीदेवीही ते बघत होती.

चन्नवीरची मान खाली गेली. "बायकांचं आसतंय काहीतरी," तो पुटपुटला.

"ओतू द्या," सिद्धाराम मोठ्यानं म्हणाला, मागं ऐकू जाईल असं. "पण समदं आत्ताच संपवू नका म्हणावं. दुपारी पोरीला परत जायचंय."

मग त्यानं श्रीदेवीच्या हातातून घमेलं घेतलं आणि पहिल्या खड्ड्यात रिकामं केलं. टोपी त्यानं घातली नाही. चन्नवीरनं ती ताटात परत ठेवली. पाहुणे पेढे खाऊन पांगले आणि काम सुरू झालं. चारही खड्डे त्यानं नीट भरले, माल गजानं कोंबून कोंबून बसवला, एक पोकळी राहू दिली नाही. काम वाईट करून कुणावर सूड उगवायचा, हे त्याला जमणारं नव्हतं. चन्नवीर त्याच्याशी दिवसभर बोलला नाही. पुढचं स्लॅबचं काम आपल्याला मिळणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

दुपारी श्रीदेवीनं दोन लिटरची बाटली तोंडाला लावली आणि निम्मी करून खाली ठेवली. थोड्या वेळानं उठली, पायरीवरची किल्ली घेतली आणि मागं गेली. कुणाला विचारलं नाही. ती आल्यावर पुन्हा बादली वाजली, पुन्हा पाइपातून पांढरं पाणी आलं. संध्याकाळी हत्यारं धुऊन झाल्यावर ती तिसऱ्यांदा गेली.

घरी जाताना सिद्धारामच्या मोटारसायकलवर ती मागं एका अंगानं बसली होती, घमेलं मांडीवर धरून. अक्कलकोट रस्त्याला ट्रकांची रांग होती. सिद्धारामच्या हातांना अजून वास येत होता, खड्ड्याचा की फिनेलचा ते आता कळत नव्हतं.

"मामा."

"काय?"

"पुन्ना आसं चार माणसांत बोलू नका. मला मेल्यासारखं झालं."

"बरं."

एक ट्रक गेला.

"शेवटच्या बारीला मला लागली नव्हती."

"मग?"

"उगंच जाऊन बसले. बाईनं फिनेलची उरलेली बाटली संपवली."

सिद्धारामला हसू येईलसं वाटलं, पण आलं नाही. सुंदरम्मा असती तर ही गोष्ट श्रीदेवीनं तिला सांगितली असती, तिनं ती त्याला सांगितली असती, आणि त्यानं तिला गप बस म्हटलं असतं.

"बरं केलंस," तो म्हणाला.